साडेबारा हजारांचा पुरस्कार आणि फिरखोचा पुरस्कार

पत्र: ताई, मी नवी मुंबईत दिघ्यात राहते, वय २६. समाजशास्त्रात एमए केलं, आता एका संस्थेच्या प्रोजेक्टवर कंत्राटी संशोधन सहायक आहे. माझी आई आमच्याच भागात आशा सेविका आहे. एमएचा प्रबंध मी आशांच्या कामावर केला: सर्व्हे, ॲप, स्वतःच्या पैशाने मारलेलं रिचार्ज, कुठेच न मोजलेले तास. त्यावरून इंग्रजीत एक लेख तयार केला. आता दोन गोष्टी एकदम आल्यात. 'इंटरनॅशनल बेस्ट रिसर्चर अवॉर्ड'साठी निवड झाल्याचा ईमेल आला. नोंदणी साडेबारा हजार, समारंभ हॉटेलात. बाबा रबाळ्याला कंपनीत आहेत. ते पीएफमधून पैसे काढायला निघालेत आणि बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगूनही झालंय. दुसरीकडे कॉलेजच्या मॅडम म्हणतात, अमेरिकेत वैद्यकीय मानवशास्त्राचा (म्हणजे आजार आणि समाज यांच्या अभ्यासाचा) जर्मन डॉक्टर रूडोल्फ फिरखोच्या नावाचा पुरस्कार आहे, तिथे पाठव. प्रोजेक्टचे सर म्हणतात, 'टीका करणाऱ्याला आरोग्य खातं पुन्हा दारात उभं करत नाही, आणि स्वतःच्या आईवर लिहिलं तर त्याला संशोधन म्हणत नाहीत.' आईला विचारलं तर ती म्हणाली, 'पुरस्कार आम्हालापण मिळालाय की, २०२२ ला. पगार तेवढा राहिला.' मी काय करू?
– दिघ्याची एक वाचक

उत्तर: अगं, आधी त्या ईमेलचं. त्याला उत्तर देऊ नकोस, 'विचार करून कळवते' असंही नको. आणि बाबांना आज रात्रीच सांग, पीएफला हात लावायचा नाही.

तू तो ईमेल पत्राला जोडलास हे बरं केलंस. मी दोनदा वाचला. त्यात तुझ्या लेखाचं नाव एकदाही आलेलं नाही. परीक्षक कोण, कुठल्या विद्यापीठाचे, याचा पत्ता नाही. अभियांत्रिकी, योग, व्यवस्थापन, समाजसेवा, सगळ्या शाखांना पुरस्कार एकच. वर '४८ तासांत नोंदणी करा, जागा मर्यादित'. ज्यांनी तुझा लेख उघडूनही पाहिला नाही त्यांनी तुझी निवड कशावरून केली? आपल्याकडे ऐरोलीपासून तीन हात नाक्यापर्यंत वाढदिवसांचे फ्लेक्स लागतात आणि खाली शुभेच्छुकांच्या नावांची रांग असते. हा पुरस्कार त्यातलाच, फक्त इथे उत्सवमूर्ती तू आणि एकमेव शुभेच्छुकही तूच.

पैसे मागितले म्हणजे फसवणूकच, असं मात्र धरून बसू नकोस. चांगल्या अभ्यास-संघटनांनाही सभासद वर्गणी असते, काही ठिकाणी सभासदांनाच पुरस्कारासाठी लेख पाठवता येतो, आणि बरीच नावाजलेली नियतकालिकंसुद्धा लेख छापायचे पैसे घेतात. मी एकच गोष्ट बघते: पैसे भरूनही हरायची सोय आहे का? असेल तर कोणीतरी वाचतंय. साडेबारा हजार भरल्यावर ट्रॉफी मिळणारच असेल तर ती खरेदी झाली, आणि ती बायोडेटात घातलीस तर या क्षेत्रातला जाणता माणूस तुझ्या बाकीच्या ओळींवरही शंका घेईल.

बाबांवर चिडू नकोस. आयुष्यभर कंपनीत पाळ्या केलेल्या माणसाला मुलीच्या नावापुढे 'इंटरनॅशनल' दिसलं तर तो बिल्डिंगमध्ये सांगणारच. त्यांना चारचौघांत खाली पाहायला लागू नये एवढं बघ. 'त्याच्यापेक्षा मोठ्या ठिकाणी पाठवायचं ठरलंय' असं सांगितलंस तर ते खोटंही होणार नाही.

आता मॅडम म्हणतात तो पुरस्कार. तो खरा आहे. अमेरिकन अँथ्रॉपॉलॉजिकल असोसिएशन ही मानवशास्त्रज्ञांची मोठी संघटना आणि तिच्यात वैद्यकीय मानवशास्त्राची सोसायटी आहे. त्या सोसायटीत जागतिक आरोग्याकडे चिकित्सक नजरेने पाहणाऱ्या अभ्यासकांचा एक गट आहे. फिरखोच्या नावाचे पुरस्कार हा गट देतो. पदवीचे विद्यार्थी, त्यापुढचे विद्यार्थी आणि व्यावसायिक संशोधक असे तीन वेगळे विभाग आहेत. तुझी गोम इथे आहे. तू एमए झालीस, म्हणजे आज तू विद्यार्थिनी नाहीस, आणि व्यावसायिक विभागात छापून आलेला लेख लागतो. तेव्हा त्या वर्षीची सूचना नीट वाच आणि आयोजकांना सरळ लिहून विचार की विद्यार्थी असताना केलेलं काम चालेल का. असं विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यांना अशी पत्रं येतच असतात.

याच सोसायटीचे आणखीही पुरस्कार आहेत. पदवीच्या विद्यार्थ्यांच्या निबंधासाठी रिव्हर्स यांच्या नावाचा आहे. हे इंग्रज डॉक्टर १९०१-०२ मध्ये निलगिरीत तोडा लोकांमध्ये जाऊन राहिले होते. लिंगभाव आणि आरोग्य या विषयावरच्या कामासाठी आयलीन बास्कर यांच्या नावाचा आहे. तो डोक्यात ठेव, तुझ्या विषयाला पुढेमागे तोच जास्त शोभेल.

सरांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण ते अर्धं खरं आहे. ज्याच्या नावाने हा पुरस्कार दिला जातो त्याचीच नोकरी टीकेपायी गेली होती.

१८४८ च्या फेब्रुवारीत प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या सरकारने फिरखोला अप्पर सायलीशियात, आजच्या पोलंडमधल्या भागात, पाठवलं. तिथे टायफसची, म्हणजे उवांमुळे पसरणाऱ्या तापाची, साथ होती, लोक उपाशी होते, बहुतेक पोलिश बोलणारे गरीब शेतमजूर. फिरखो तेव्हा २६ वर्षांचा होता, तुझ्याच वयाचा. सरकारची अपेक्षा होती औषधपाण्याचा अहवाल यावा. तो तीनेक आठवडे फिरला आणि परत येऊन त्याने लिहिलं की या लोकांना लोकशाही हवी, शिक्षण हवं, त्यांच्याच भाषेत कारभार हवा, रस्ते हवेत आणि करांचा बोजा गरिबांच्या डोक्यावरून उतरायला हवा. रोगाची मुळं त्याने सरकारच्या दारात नेऊन ठेवली. त्याच मार्चमध्ये बर्लिनमध्ये क्रांतीचा उठाव झाला तेव्हा हा गडी रस्त्यावर होता. डॉक्टर हे गरिबांचे नैसर्गिक वकील, हे त्याचंच वाक्य. वर्षभरात बर्लिनमधली त्याची जागा गेली. मग वुर्झबर्गच्या विद्यापीठाने त्याला बोलावलं. १८५६ मध्ये तो बर्लिनला परतला, तिथून पेशींच्या विकृतिशास्त्राचा पाया घातला आणि पुढे नगरसेवक होऊन शहराच्या गटारांसाठी भांडला. (तो सगळीकडे बरोबर होता असंही नाही. रोग जंतूंमुळे होतात या नव्या विचाराकडे हा थोर माणूस बराच काळ संशयानेच बघत राहिला.)

पण फिरखोला वुर्झबर्ग होतं. तुझं कंत्राट दर अकरा महिन्यांनी नवं होतं. म्हणून धीटपणाच्या गोष्टी सांगण्याआधी मला एक व्यवहाराची गोष्ट विचारू दे: लेखातली माहिती कुठून आली? पत्रावरून वाटतं की सगळी एमएच्या वेळची आहे, कॉलेजच्या परवानगीने आणि बायकांची संमती घेऊन जमवलेली. तसं असेल तर सरांचा त्यावर हक्क नाही, फार तर मत आहे. पण आताच्या प्रोजेक्टमधली एखादी आकडेवारी, एखादी मुलाखत, सरांच्या ओळखीने मिळालेलं एखादं रजिस्टर त्यात शिरलं असेल तर ते आधी काढ. कंत्राटात माहितीच्या मालकीबद्दल काय लिहिलंय ते वाच. लेखात सध्याच्या संस्थेचं नाव घालू नकोस. एवढं केलंस की सरांशी भांडायचं कारणच उरत नाही. त्यांना फक्त कळव की एमएच्या कामावरचा लेख पाठवतेय. परवानगी मागू नकोस.

आता लेख. त्याची पहिली दहा पानं तू पाठवलीस, त्यावर जरा सविस्तर बोलते, कारण पुरस्कार मिळो न मिळो, खरी मेहनत तिथेच आहे.

पहिली चार पानं फ्रेंच विचारवंतांवर आहेत. सत्ता, शरीर, शासन. हे सगळं तुला समजलंय हे दिसतं, पण ही चार पानं जगातल्या कुठल्याही शहराबद्दलच्या लेखाला चिकटवता येतील. दिघा पाचव्या पानावर येतो. परीक्षकाने तोवर का थांबावं? मला तुझ्या लेखात धरून ठेवलं ते सहाव्या पानाने. सर्व्हेच्या दिवशी आई टेकडीवरच्या चाळींत दुपारी एक ते तीन जाते, कारण तेव्हा पाणी येतं आणि बायका घरात सापडतात. नेटवर्क मिळत नाही म्हणून ती नावं वहीत लिहून आणते, आणि रात्री भाकऱ्या झाल्यावर तीच माहिती पुन्हा ॲपमध्ये भरते. म्हणजे एक काम दोनदा, आणि दुसऱ्या वेळचं रिचार्ज घरखर्चातून. ॲपमध्ये भेटीची वेळ रात्री साडेदहाची पडते. मग वरून विचारणा होते की रात्री साडेदहाला घरभेट कशी? हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. चिकित्सक संशोधन म्हणतात ते हेच. कार्यक्रम कागदावर फुकट दिसतो, तर त्याचा खर्च कोण उचलतंय, किती तासांनी, कुणाच्या पाकिटातून, हे तू दाखवलंस. तिथूनच सुरुवात कर. विचारवंत नंतर येऊ देत, एका परिच्छेदात.

आठव्या पानावर मात्र गाडी घसरते. तिथे आरोग्य केंद्रातल्या सिस्टर खलनायिका झाल्यात. त्या ओरडतात, सगळ्यांसमोर आईला बोलतात, रजिस्टर फेकतात. तू मुलगी आहेस, तुला ते लागलंय, आणि ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण त्या सिस्टरही कंत्राटी असल्याचं तूच तळटीपेत लिहिलंयस! ती तळटीप वर आण. संध्याकाळपर्यंत आकडे वर पाठवायचे असतात म्हणून त्या ओरडतात, आणि त्यांच्याकडे आकडे मागणाऱ्यालाही कोणीतरी वरून मागत असतं. तो आकडा शेवटी कुठल्या टेबलावर जातो आणि तिथे त्याचं काय होतं, एवढं शोधलंस तर तुझा लेख गाऱ्हाण्यातून बाहेर येईल. पॉल फार्मर यांनी हैतीतल्या क्षयरोगावर आणि एड्सवर लिहिताना हीच वाट धरली होती. रुग्णाने गोळ्या का सोडल्या, या प्रश्नाचं उत्तर रुग्णाच्या स्वभावात न शोधता त्याच्या गरिबीत आणि देशाच्या इतिहासात शोधायचं. फार्मर डॉक्टर आणि मानवशास्त्रज्ञ, दोन्ही होते. त्यांचं एखादं प्रकरण वाच, पण त्यांची वाक्यं आपल्या लेखात पेरत बसू नकोस.

आणि एक धागा तुझ्या हातून निसटलाय. नवजात बाळाच्या घरी जाऊन तपासणी करण्याचं जे काम आई करते, त्याचा पाया आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी बाळांची काळजी घेतली, आणि त्याने बालमृत्यू किती घटले ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ मध्ये केंद्र सरकारने ते काम देशभरातल्या आशांकडे दिलं: ४२ दिवसांत सहा किंवा सात भेटी आणि सगळ्या मिळून २५० रुपये मोबदला. एका चांगल्या संशोधनाचा सरकारी कार्यक्रम होतो तेव्हा त्यात काय टिकतं आणि काय गळतं, हे लिहायला तुझ्याइतकी मोक्याची जागा कोणाला मिळणार? तू वहीही पाहिलीस आणि ॲपही.

'आईवर लिहिलं तर त्याला संशोधन म्हणत नाहीत' या वाक्याला कल्याणचं एक उत्तर आहे. आनंदीबाई जोशी १८६५ मध्ये जन्मल्या आणि कल्याणला वाढल्या. चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि बाळ दहा दिवसांत गेलं. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात एमडीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. घरचा विषय, अंगावरून गेलेला. म्हणून त्यांची पदवी कोणी अडवली नाही. आपल्या माणसांवर लिहिणं हा दोष नव्हे, पण नातं लपवणं हा दोष आहे. पहिल्याच पानावर लिही की मुलाखत दिलेल्या आशांपैकी एक तुझी आई आहे, आणि या नात्यामुळे तुला काय दिसलं आणि काय दिसलं नसेल. इतर आशा तुझ्याशी बोलताना सिस्टरबद्दल मोकळ्या झाल्या असतील, पण तुझ्या आईबद्दलची तक्रार त्यांनी गिळली असेल. हेही लिही.

नाव बदललं की ओळख लपली असं मात्र समजू नकोस. दिघ्यात टेकडीवर जाणाऱ्या, मुलगी एमए झालेल्या आशा किती? वाचणारा तासाभरात शोधून काढेल, आणि अमेरिकेतल्या परीक्षकाला नाही तरी आपल्या आरोग्य केंद्रातल्या माणसाला नक्की कळेल. म्हणून वस्तीचे तपशील थोडे हलव, दोन-तीन आशांचे अनुभव एकत्र करायचे असतील तर तसं केल्याचं स्पष्ट लिही, आणि छापायच्या आधी तो भाग आईला मराठीत वाचून दाखव. ती 'हे काढ' म्हणाली तर काढायचं. रात्री साडेदहाची गोष्ट तिने काढायला सांगितली तरीही. मोबदला तिचा थांबेल, तुझा नाही.

आईच्या 'पगार तेवढा राहिला' या वाक्यावर मी पत्र वाचल्यापासून विचार करतेय. २२ मे २०२२ ला जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांना 'ग्लोबल हेल्थ लीडर्स' पुरस्कार दिला. टाळ्या झाल्या, पंतप्रधानांनी अभिनंदन केलं, व्हॉट्सॲपवर फोटो फिरले. कागदोपत्री मात्र या बायका स्वयंसेविका. ठरावीक रक्कम थोडी आणि बाकी कामागणिक मोबदला. २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीचा सरकारी आदेश निघावा म्हणून आझाद मैदानात बसल्या होत्या. आई त्यांच्यात होती का, ते तू लिहिलं नाहीस. विचार तिला. नेतृत्वाचा पुरस्कार आणि स्वयंसेविकेचा दर्जा एकाच बाईला एकाच वेळी कसा देता येतो, आणि त्यात पैसे कोणाचे वाचतात, हा तुझ्या लेखाचा कणा होऊ शकतो. मी तुझ्या जागी असते तर लेखाला सध्याचं बारा शब्दांचं शीर्षक ठेवलं नसतं. आईची हरकत नसेल तर तिचंच वाक्य वर घातलं असतं.

आता कामाला लाग. तीन आठवडे लेखाला दे. चार पानांचा एक परिच्छेद कर, तळटीप वर आण, नातं पहिल्या पानावर लिही. इंग्रजी मॅडमकडून तपासून घे, बाहेर पैसे देऊन नको. कामगिरी 'पहिली', 'एकमेव' अशी मिरवू नकोस. परीक्षकांना तसल्या शब्दांची ॲलर्जी असते. पुरस्काराची मुदत निघून गेली असेल किंवा विभागात बसत नसशील, तर लेख आधी छापून आण. आपल्या मुंबईतूनच निघणारी दोन ठिकाणं आहेत: 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' आणि 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'. दोन्हीकडे लेख वाचणारी माणसं आहेत. छापून आल्यावर व्यावसायिक विभागाचा रस्ता आपोआप उघडतो.

मराठी आवृत्ती पुरस्काराची वाट पाहत ठेवू नकोस. सात-आठ पानांची कर, आईच्या युनियनमधल्या बायकांना दे आणि त्यांना चुका काढू दे. त्या मोबदल्याच्या रकमांवर नक्की बोट ठेवतील, कारण आदेश बदलत असतात आणि ते त्यांच्याइतके पाठ कोणालाच नसतात. इंग्रजी लेखातले आकडे मग त्याप्रमाणे दुरुस्त कर.